आफ्रिकेचं बारसं

पाहुणा बोगद्यातून खाली अंगणात उतरला, तेव्हा निवृत्त भूगोल शिक्षक बेलगासेम एका पायात चप्पल आणि दुसरी हातात घेऊन कोंबडीच्या मागे धावत होते. अशा अवस्थेत माणूस कुणालाच ठामपणे काही सांगू शकत नाही, आणि मास्तरांना तर ते एरवीही जमत नसे.

"हीच का ती गुहा?" पाहुण्याने विचारलं.

"कुठली?"

"जिच्यावरून आफ्रिकेला आफ्रिका म्हणतात ती!"

मास्तरांनी आधी चप्पल पायात घातली. तेवढाच वेळ मिळाला.

झालं होतं असं, की आठवड्यापूर्वी कहवाखान्यात कुणीतरी विचारलं, एवढ्या मोठ्या खंडाचं हे नाव आलं तरी कुठून? मास्तरांना असं कुणी काही विचारलं की हुरूप यायचा. त्यांनी सगळं सांगितलं. आपल्याच या मुलखात आफ्री नावाची टोळी होती, तिच्यावरून रोमन लोकांनी नाव पाडलं म्हणतात. अरबांच्या जुन्या गोष्टीत येमेनचा इफ्रिकीश नावाचा राजा येतो. कुणी फिनिशियन भाषेतल्या धुळीच्या शब्दाकडे बोट दाखवतं, कुणी लॅटिनमधल्या उन्हाकडे, तर कुणी म्हणतं, ग्रीकमध्ये त्याचा अर्थ जिथे थंडी नाही तो देश. "आणि काही जण म्हणतात, आपल्या बर्बर बोलीतल्या 'इफ्री'वरून. म्हणजे गुहेवरून. कदाचित."

टोळी, राजा, धूळ आणि ऊन हे सगळं कहवाखान्याने कहव्याबरोबर गिळून टाकलं. 'कदाचित' तेवढं कपाच्या तळाशी गाळात राहिलं. दुसऱ्या दिवशी गावात एवढंच शिल्लक होतं की आफ्रिकेचं नाव गुहेवरून पडलं. आणि हे ज्याला ठाऊक आहे, गुहा त्याचीच असणार.

तिंझरत गावात घरं जमिनीखाली असतात. मध्ये विहिरीसारखं खोल अंगण, आणि त्याच्या भिंतींत कोरलेल्या खोल्या. गावाचा एक रिवाजही तितकाच खोल आहे. पाहुण्याने रोटीचा पहिला घास तेलात बुडवून तोंडात घालेपर्यंत त्याच्या कुठल्याही बोलण्याला 'नाही' म्हणायचं नाही. भुकेल्या पोटी नकार ऐकवणं म्हणजे त्याला दारातून परत पाठवणं.

"बसा, बसा," मास्तर म्हणाले. "आधी दोन घास खा. मग बोलू."

मास्तरांची बायको मबरूका गरम रोटी, ऑलिव्हचं तेल आणि उकडलेली अंडी घेऊन आली. पाहुण्याचं नाव लमजद, पर्यटन खात्याचा अधिकारी. त्याने पहिला घास तोंडात घातला आणि मास्तर खाकरले. पण तेवढ्यात त्याचा फोन वाजला. बोलता बोलता त्याने तीन अंडी संपवली, "साहेब, सापडली! मालकांनी कबूल केलंय!" असं ओरडला आणि मास्तरांचे दोन्ही हात हलवून बोगद्यातून पसार झाला.

"तुम्ही काय कबूल केलंत?" मबरूकाने विचारलं.

"काहीच नाही गं. मी नाही म्हणणारच होतो."

"लग्नालाही तुम्ही असंच म्हणणार होतात, म्हणे."

चौथ्या दिवशी रस्त्यावर फलक लागला. 'आफ्रिकेच्या नावाचं जन्मस्थान'. बाण थेट मास्तरांच्या अंगणाकडे. माणसं येऊ लागली. प्रत्येक जण आल्या आल्या विचारी, "हीच ना?" आणि प्रत्येक जण उपाशी! मास्तर म्हणत, "आधी दोन घास खा." खाऊन झाल्यावर मास्तर तोंड उघडत, तोवर पाहुणे भिंतीला गाल लावून फोटो काढत असत. एका बाईंनी तर भिंतीची चिमूटभर माती रुमालात बांधून नेली. त्यांचे डोळे भरून आले होते. त्यांना काय सांगणार?

शेजारचा खलीफा रोज अंगणाच्या काठावर उभा राहून खाली डोकावे. "काय बेलगासेम, आज किती खंडांना नावं दिलीस?"

मास्तर मान खाली घालून खोलीत जात.

खरा घाव पुढच्या आठवड्यात बसला. लमजदचा निरोप आला, शुक्रवारी उद्घाटन, प्रमुख पाहुण्या ट्युनिसहून येणार, प्राध्यापक दलंदा. मास्तर खाटेवर बसले ते उठलेच नाहीत. दलंदा त्यांचीच विद्यार्थिनी. सहावीत असताना तिने नकाशावर वाळवंटातून एक नदी काढली होती. कुठून आणलीस, विचारल्यावर म्हणाली, छान दिसते म्हणून. मास्तरांनी तिला तासभर उन्हात उभं केलं होतं. "माहीत नसेल तर कागद कोरा ठेव," असंही सुनावलं होतं. आता ती येणार, आणि तिच्या मास्तरांनी अख्ख्या खंडाचं नाव आपल्या अंगणात काढून ठेवलेलं बघणार.

"मी आजारी आहे असं सांग," ते म्हणाले.

"म्हणजे आणखी एक खोटं? तेही माझ्या तोंडून?" मबरूका म्हणाली. "रांजणातलं तेल तळाला गेलंय. उठा, आणि नाही म्हणून या."

शुक्रवारी अंगणाच्या काठावर गर्दी जमली. दलंदा खाली अंगणात आली, वाकून म्हणाली, "सर, ओळखलंत?" मास्तरांना तिच्या डोळ्यांकडे बघवेना. सगळ्यांना रोटी-तेल वाटून झालं, लमजदचं भाषणही संपलं, तेव्हा ते उभे राहिले.

"मला माहीत नाही," ते म्हणाले. "आफ्रिकेचं नाव कुठून आलं, ते मला माहीत नाही."

टाळ्यांचा कडकडाट झाला.

"बघा, बघा!" लमजद ओरडला. "एवढा मान मिळाला, पण गर्व आहे का?"

"विनय नाही हो हा! मी खोटारडा ठरलोय!"

टाळ्या वाढल्या. एका म्हाताऱ्याने डोळे पुसले. फक्त दलंदा टाळ्या वाजवत नव्हती. ती मास्तरांकडे बघत होती, आणि मास्तरांना वाटलं, याच अंगणात आणखी एक खड्डा खणून त्यात बसावं. ते जन्मात ओरडले नव्हते तसे ओरडले, "ही ती गुहा नाही!"

टाळ्या थांबल्या.

"बरोबर बोलला!" गर्दीतून खलीफा पुढे आला. "ही तर याच्या आजोबाने खणली. माझी माझ्या खापरपणज्याच्याही आधीची आहे! पण मला कोण विचारतो?"

लमजदने मास्तरांकडे पाहिलं, खलीफाकडे पाहिलं, मग फलकाकडे. फलक चांगला जाड लाकडाचा होता. "तुमच्याकडे बसायला जागा आहे?" त्याने खलीफाला विचारलं.

"आधी दोन घास खा, मग बोलू," खलीफा म्हणाला.

पाच मिनिटांत फलक, गर्दी आणि भाषणाचा कर्णा खलीफाच्या अंगणाकडे निघून गेले. मास्तरांच्या अंगणात मबरूका, दलंदा आणि कोंबडी एवढीच उरली.

"सर, असं चारचौघांत सांगायला धाडस लागतं," दलंदा चहाचा पेला हातात घेत म्हणाली. "मला नसतं जमलं."

मास्तर कानापर्यंत लाल झाले. पण खूप दिवसांनी त्यांना मोकळा श्वास आला. पलीकडून खलीफाच्या अंगणातला टाळ्यांचा आवाज येत होता. चांगलाच मोठा होता.

तेवढ्यात काठावर एक नवरा-बायको दिसले. घामाघूम, खांद्याला पिशव्या. "आफ्रिका इथेच का?"

मबरूकाने हातातला डाव खलीफाच्या घराकडे केला. "आफ्रिका पलीकडे."

ते वळले. मास्तर त्यांच्या पाठीकडे बघत राहिले.

"खलीफाची गुहा फार दमट आहे हो," त्यांना स्वतःचाच आवाज ऐकू आला. "आणि जुनी म्हणाल, तर आमचीही काही कालची नाही."

जोडपं थांबलं. मबरूकाने कमरेवर हात ठेवले. दलंदा एकदम चहाच्या पेल्यात काहीतरी शोधू लागली, आणि बराच वेळ तिने मान वर केली नाही.