फूटभर खाली

"ठण्!" असा आवाज तळघरातून आला, तेव्हा भाजी चिरता चिरता वहिनींनी मानही न वळवता विचारलं, "तुळईच ना?"

"तुळईच," खालून बाळदादा कण्हले.

डोकं आपटण्याची ही गोष्ट तशी तीस वर्षं जुनी. एकमेकांना खेटून उभ्या असलेल्या त्या घरांच्या रांगेत सगळ्यांचीच तळघरं बुटकी. वहिनींना त्याचं काही नव्हतं, त्या जेमतेम पाच फूट. बाळदादा मात्र सहा फूट दोन इंच. निवृत्त झाल्यावर ते दिवसभर खाली सुतारकाम करू लागले आणि पहिल्याच आठवड्यात डोक्यावर चार टेंगळं आली. मग त्यांनी ठरवलं, छत वर जात नसेल तर जमीन खाली न्यायची. फूटभर.

अडचण होती ती शेजारच्या घराची. तिथे त्यांची थोरली बहीण राहायची. दोन्ही घरं वडिलांनी घेतलेली, मधली भिंत एकच. जाण्याआधी त्यांनी दोघांकडून वचन घेतलं होतं की, या भिंतीच्या पायाशी कुणी खणायचं नाही. ताई भांडत नसे, अबोला धरत असे. पन्हळीच्या पाण्यावरून धरलेला अबोला दीड वर्ष पुरला होता. ते दीड वर्ष बाळदादांना अजून स्वप्नात दिसायचं.

"ताईला कळता कामा नये," त्यांनी गवंड्याला बजावलं.

गवंडी म्हातारा आणि कमी बोलणारा. "मी कुणालाच काही सांगत नसतो," तो म्हणाला. "पण घाई चालायची नाही. भिंतीखाली हातभर खणायचं, तिथे नवा पाया भरायचा, तो घट्ट झाला की पुढचं. एक दिवस काम, एक दिवस सुट्टी."

"सुट्टी कशाला?"

"भिंतीला दम खायला."

काम सुरू झालं. बाळदादा जिन्यावरून मातीच्या पिशव्या वर देत, वहिनी दारात उभ्या राहून घेत आणि मागच्या अंगणातल्या वाफ्यांवर ओतत.

"काय गं, यंदा बागेचं भारीच वेड घेतलंयस?" एकदा कुंपणापलीकडून ताईने विचारलं.

"हो ना वन्सं. तुमचेही वाफे चांगले उंच झालेत की!"

"खत घातलंय," म्हणत ताई लगबगीने आत गेली.

सुट्टीच्या दिवशी बाळदादा वाचनालयात जात. तिसऱ्या आठवड्यात सर्दीमुळे ते घरीच राहिले, सहज तळघरात उतरले आणि जागच्या जागी थिजले. भिंतीवर खालपासून तुळईपर्यंत तडा गेला होता. आणि गवंडी सुट्टीवर असताना भिंतीतून आवाज येत होता. धप्प. धप्प.

"अगं, भिंत खचतेय! ताई आत आहे!"

ते अनवाणीच पळत सुटले. शेजारच्या पायऱ्या चढतायत तोच दार उघडून ताई त्यांच्या अंगावर आली. तिच्या पायात दोन वेगवेगळ्या चपला होत्या.

"ताई, आधी बाहेर पड!"

"बाळ, तुझं ओरडणं ऐकलं. तुम्ही दोघं आधी बाहेर पडा!"

"माझं चुकलं गं. मी पायाशी खणलं!"

"तू कशाला खणशील? मी खणलंय!"

इतक्यात ताईच्या तळघरातून डोक्यावर घमेलं घेऊन गवंडी वर आला.

"तू? तुझी तर आज सुट्टी!" बाळदादा ओरडले.

"तुमच्याकडे सुट्टी," गवंडी म्हणाला.

"म्हणजे दोन्हीकडचं तुला माहीत होतं?" ताईने विचारलं. "आणि पलीकडची ठोकाठोक मी बाळचं सुतारकाम समजत होते!"

"तुम्ही म्हणालात, बाळला कळता कामा नये. दादा म्हणाले, ताईला कळता कामा नये. मला कळू नये असं कुणीच म्हणालं नव्हतं."

"अरे, पण भिंतीला तडा गेलाय!"

गवंडी शांतपणे बाळदादांच्या तळघरात उतरला, मागोमाग ती दोघंही. त्याने थापीने तडा खरवडला. जुन्या चुन्याच्या पापुद्र्यांचा ढीग पडला आणि मागची वीट दिसली, धडधाकट. "रंग फुटलाय. तुम्ही दोन गवंडी लावले असते, तर दोघांनी समोरासमोर खणून भिंत पाडली असती. मी इकडचं भरलं की तिकडचं खणायचो."

ताई भिंतीला टेकली. "बाळ, मला घराचं काही नव्हतं रे. तू बोलणं टाकशील याची धास्ती होती."

"मी? तुझ्याशी?" बाळदादांना हसू आवरेना. तेवढ्यात नाक गळू लागलं, ते त्यांनी सर्दीच्या नावावर खपवलं.

महिन्याभरात दोन्हीकडचं काम संपलं. बाळदादा ताईला आपलं तळघर दाखवायला घेऊन गेले. तीही अंगापिंडाने त्यांच्यासारखीच उंच. लांब टांगा टाकत दोघं उतरले आणि तुळईखाली येताच सवयीने एकदम वाकले. तुळई चांगली वीतभर वर राहिली होती. एकमेकांकडे बघून दोघं हसायला लागले. तो हसण्याचा आवाज ऐकून वहिनींनाही राहवेना. त्या पहिल्यांदाच नवं तळघर बघायला निघाल्या.

"धप्प!"

वहिनी जिन्याच्या तळाशी, उरलेल्या वाळूच्या पोत्यावर बसलेल्या होत्या. जमीन फूटभर खाली गेली होती, जिना होता तिथेच होता.

हत्यारं आवरणाऱ्या गवंड्याने मान वर केली. "पायरीचं कुणी बोललं नव्हतं."

बाळदादांनी मागे वळूनही पाहिलं नाही. तीस वर्षं वाट पाहिलेला प्रश्न त्यांनी सावकाश विचारला, "पायरीच ना?"

"पायरीच," वहिनी म्हणाल्या.