चावी खिशात, दिवे चालू

एकतीस वर्षं लिफ्टची कामं करून देवराम निवृत्त झाला होता. आपण जोडलेली एकही वायर आजवर उलटून बोललेली नाही, हे तो डोंबिवलीतल्या आपल्या सोसायटीत कुणी न विचारताही सांगायचा. त्यामुळे बाईकला फॉग लाइट लावायची वेळ आली तेव्हा बायकोनं, कांतानं, गॅरेजचं नाव काढलं, तर तो दिवसभर तिच्याशी बोलला नाही.

बाईक तिसऱ्या मजल्यावरच्या पोपटरावांची. लांबच्या प्रवासाची, अंगापिंडानं थोराड. स्पितीला जायचं म्हणून घेतली आणि माळशेजच्या पुढे कधी गेली नाही. दिवाळीच्या आधी पोपटराव हार्ट अटॅकनं गेले. मग एक दिवस त्यांच्या बायकोनं, शालनवहिनींनी, किल्ल्यांचा जुडगा देवरामच्या हातात ठेवला.

"भाऊजी, खाली सडतेय ती. तुम्ही तरी कुठं न्या तिला."

देवराम कामाला लागला. चावी फिरवली की फॉग लाइट आणि मोबाइल चार्जर चालू, चावी काढली की बंद, असं त्याला हवं होतं. सीटखाली एक लाल वायर सापडली. टेस्टर लावून पाहिला, चावी फिरवल्यावर वीज यायची, काढल्यावर जायची. हीच ती. तिथून त्यानं दिवे चालू-बंद करणाऱ्या रिलेला जोड दिला, शीळफाट्यापर्यंत चक्कर मारून आला आणि पार्किंगमध्ये चारचौघांना दिवे लावून दाखवले.

दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला तो स्क्रू आवळायला खाली गेला. त्या वेळी अख्खी बिल्डिंग झोपलेली असते. वॉचमन जेवायला गेलेला, पाण्याचा पंप बंद. देवराम पुढच्या चाकापाशी उकिडवा बसला.

टक्.

दोन्ही दिवे त्याच्या तोंडावर पेटले. मीटरचा काटा सावकाश वर चढला, टोकाला टेकला आणि तितक्याच सावकाश खाली आला. कुणीतरी वर बसून चावी फिरवावी तसा. पण चावी देवरामच्या पँटच्या खिशात होती. सीट रिकामी होती, तरी त्यानं उगाच तिच्यावरून हात फिरवून पाहिला. थोड्या वेळानं दिवे आपोआप विझले.

"घाम कसला आलाय एवढा?" तो वर आल्यावर कांतानं विचारलं.

"उकडतंय."

त्यानं रिले बदलला, फ्यूज बदलला, जोड सोडून पुन्हा बांधले. उपयोग शून्य. उभं राहून कितीही वेळ पाहिलं तरी बाईक गप्प. खाली वाकलं की डोळे उघडायची. जणू नवा मालक नमस्काराला वाकतोय का, एवढ्यावरच तिचं लक्ष होतं.

चौथ्या दिवशी दिवे पेटले तेव्हा मागून आवाज आला, "भाऊजी, चावी कुठाय?"

शालनवहिनी भाजीची पिशवी घेऊन उभ्या होत्या. देवरामनं चावी खिशातून काढून दाखवली. त्या वॉचमनच्या खुर्चीवर बसल्या.

"हेच आहेत," त्या हळूच म्हणाल्या.

"वहिनी, वायरिंगमध्ये काहीतरी आहे. आपण असलं काही मानत नाही."

"तुम्ही नका मानू."

त्यानंतर त्या रोज तीनला खाली येऊ लागल्या. आपल्या एकटीसमोर दिवे लागत नाहीत, म्हणून देवरामला सोबत बसवायच्या. त्यानं उकिडवं बसायचं आणि त्यांनी बाईकशी बोलायचं. गॅसचा नंबर लागला, पंखा दुरुस्त केला, असलं काहीबाही. एका दुपारी लेकीचा विषय निघाला आणि त्यांनी विचारलं, "उर्वी म्हणतेय कोलशेतला माझ्याकडे राहायला ये. जाऊ का?"

देवरामच्या मांड्या भरून आल्या होत्या. तो जरा सरकला.

टक्.

वहिनींनी डोळ्यांना पदर लावला. आपलेही हात जोडले गेलेत हे देवरामच्या उशिरा लक्षात आलं. त्यानं ते घाईघाईनं पाठीमागे घेतले.

आठवड्यानं संध्याकाळी कांता बाल्कनीत धुण्याची पँट चाचपत होती. "अहो, किल्ल्यांना हे काळं काय आहे? बटण आहे याला." तिनं ते दाबलं. खाली पार्किंगमध्ये उजेड पडला. तिनं पुन्हा दाबलं. मग ती शांतपणे म्हणाली, "तुमचं भूत माझ्या हातात आहे."

देवराम धावत खाली गेला. सीटखाली, बॅटरीच्या मागे, चोरीच्या अलार्मची जुनी डबी निघाली. त्याचा भोंगा पोपटरावांनी शेजाऱ्यांच्या तक्रारींमुळे काढून टाकला होता, पण डबी तशीच राहिली होती. रिमोट दाबला की ती चावीशिवायच लाल वायरीत वीज सोडत होती. आणि देवराम उकिडवा बसला की खिशातला रिमोट त्याच्या पोटाखाली दाबला जात होता.

"सांगा त्यांना," कांता म्हणाली. "सव्वीस वर्षांचं घर सोडतायत त्या. तुमच्या पोटाच्या सांगण्यावरून."

सकाळी तो तिसऱ्या मजल्यावर गेला. दारातच खोकी रचलेली होती. त्यानं मान खाली घालून सगळं सांगितलं. वहिनींनी रिमोट घेतला, खिडकीशी जाऊन दाबला, खाली पाहिलं, परत दाबला.

"म्हणजे ते हो म्हणाले नाहीत."

"नाही वहिनी. ते माझं पोट होतं."

त्यांनी तोंडावर पदर धरला. खांदे हलत होते. रडतायत असं समजून देवराम पाणी आणायला वळला, तेवढ्यात त्यांचं हसू फुटलं. पोपटराव गेल्यापासून त्या घरात पहिल्यांदाच कुणी हसत होतं.

"टेम्पोवाल्याला नको म्हणून सांगू?" त्यानं विचारलं.

"कशाला? जायचं मी केव्हाच ठरवलेलं. फक्त यांना न सांगता निघवत नव्हतं. रोज खाली येऊन सांगायचा धीर करायचे." त्यांनी रिमोट त्याच्या हातात परत दिला. "त्या दिवशी सांगून झालं."

रविवारी टेम्पो भरला. मागे जागा उरली नाही, म्हणून वहिनींची तुळस मांडीवर घेऊन देवराम पुढे ड्रायव्हरशेजारी बसला. वहिनी उर्वीबरोबर रिक्षानं पुढे गेल्या होत्या.

"काका, तुम्ही त्यांचे भाऊ का?" ड्रायव्हरनं विचारलं.

देवरामनं कुंडी नीट धरली.

"वायरमन," तो म्हणाला.