छबूच्या भाचीचं बारसं आणि माझी दुरुस्ती

भिंतीपलीकडून "बंद पडलाय" एवढंच ऐकू आलं आणि मी ताटावरून उठायचं ठरवलं. बस्स, एवढंच केलं मी. (आमच्या आणि अर्जुनरावांच्या घरामधली भिंत एका विटेची आहे. मी मुद्दाम ऐकायला जात नाही, ऐकू येतं.)

"जेवून जावा की," आमची कडूबाई म्हणाली. "तुमी गेल्यानं काय चालू व्हायचंय?"

"काय बंद पडलंय ते तरी बघतो," मी म्हणालो आणि गेलो.

बंद पडला होता कम्प्युटर. अर्जुनरावांचा मुंजाजी पुण्याला कंपनीत आहे, त्यानंच तो पाठवलेला. त्या दिवशी दुपारी पुण्यात मुंजाजीच्या मुलीचं बारसं होतं. बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा, म्हणजे मुंजाजीच्या बहिणीचा, छबूचा. पण दुष्काळामुळं छबूच्या सासरची म्हसरं आमच्या सोसायटीच्या चारा छावणीत बांधलेली. त्यांना सोडून ती पुण्याला जाणार कशी? बाळाची आजी, म्हणजे अर्जुनरावांच्या घरच्या केशरबाई, अडकल्या टँकरसाठी, कारण टँकर आल्यावर पिंपापाशी घरचं माणूस पाहिजेच. शेवटी एकटे अर्जुनराव पाळणा घेऊन गेले. मुंजाजीनं तिकडच्या कम्प्युटरपुढं बाळ धरायचं आणि छबूनं इकडून नाव ठेवायचं, असं ठरलं. इकडचा चालला नाही तर मान जाणार मुंजाजीच्या चुलतबहिणीला. ती पुण्यातच राहते, आणि छबूच्या म्हणण्याप्रमाणं सकाळपासून नटून बसलेली.

मी गेलो तेव्हा छबूही नथ घालून बसली होती, काळ्या पडद्यात स्वतःलाच बघत.

"काका, बटण दाबलं की आतला पंखा फिरतोय, टीं टीं करतंय, आन् म्होरं काईच न्हाई."

"मला यातलं कळत नाही" म्हणायला इथं काही अडचण नव्हती. सातवी पास माणसानं तसं म्हटलं तर कुणी नावं ठेवत नाही. पण मी एकदा सोसायटीचा संचालक होतो, आणि संचालकाला एक सवय लागते. जे कळत नाही त्यावर बैठक घ्यायची.

मी सोसायटीच्या सचिवाला, बिभीषणला, बोलावलं. (सोसायटीत कम्प्युटर आहे आणि बिभीषण त्याच्या शेजारी बसतो.) ओट्यावरची रिकामी मंडळीही आत आली.

"आमचा बी असाच बोंबलत हुता," बिभीषण म्हणाला. "मेकॅनिक आला, आतली एक पट्टी काढली, खोडरबरानं घासली, बसवली. झाला चालू."

"मग उघडू," मी म्हणालो.

"उघडा की. पण जिम्मेदारी कुणाची?"

जिम्मेदारी म्हटल्यावर सगळे भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागले. मग बिभीषणनं उघडायचा ठराव मांडला, एकानं अनुमोदन दिलं, आणि उघडणारा म्हणून माझं नाव पुढं आलं. बिनविरोध. (संचालक म्हणून मी मतं सारखी पडल्यानं चिठ्ठी टाकून निवडून आलो होतो. बिनविरोधची गोडी तेव्हा मला ठाऊक नव्हती.)

"सुंदरभाऊ, जपून बरं," केशरबाई म्हणाल्या. "माझी नात हाय त्याच्यात."

मोटारीच्या स्टार्टरला वापरतो तो स्क्रूड्रायव्हर आणून मी खोकं उघडलं. गावात पाऊस नव्हता, पण खोक्यानं धुळीचा काही दुष्काळ पडू दिला नव्हता. मी जोरात फुंकर मारली. धूळ उठली आणि थेट छबूच्या तोंडावर बसली.

"काका," छबू डोळे मिटूनच म्हणाली, "पावडर लावली हुती मी."

पट्टी सापडली. कट्ट आवाज करून निघालीही. तिच्या काठाला पिवळ्या चकचकीत रेघा होत्या. मी खोडरबर चालवायला लागलो.

"लई घासू नका, सोनं निघंल," बिभीषण म्हणाला.

"सोनं हाय त्याला?" म्हणत केशरबाई पहिल्यांदाच खोक्याजवळ आल्या.

तेवढ्यात बाहेर हाळी झाली, टँकर आला. दुष्काळात टँकर आल्यावर नवरदेवसुद्धा अंतरपाट ओलांडून पळतो. सभा अध्यक्षासकट उठली. मी पट्टी सदऱ्याच्या वरच्या खिशात टाकली आणि केशरबाईंच्या पिंपात पाइप धरायला धावलो. पिंप भरत आलं. किती भरलं ते मी वाकून बघितलं. (बघायची काही गरज नव्हती. पाणी वर आलं की दिसतंच.)

डुबुक.

मी बाही वर सारली. केशरबाईंनी माझं मनगट पकडलं.

"हात घालू नका. प्यायचं पाणी हाय."

"अहो, पट्टी आत गेली."

"तुमचे हात बघा, कोपरापस्तोर काळे."

"हात धुतो मी."

"कशानं धुता?"

पिंप ओतून टाकावं, असा ठराव बिभीषणनं मांडला. त्याला अनुमोदक मिळाला नाही. चाळणीला काठी बांधून पट्टी वर काढू, असं म्हणून मी स्वच्छ काठी शोधायला गोठ्यात गेलो. (स्वच्छ काठी, आणि तीही गोठ्यात. आता लिहिताना हसू येतं.)

छबू दारात उभी होती. धुळीच्या तोंडावरून पाण्याच्या दोन रेघा खाली आल्या. तिकडून आमची कडूबाई कमरेवर घागर घेऊन आली.

"कावून रडायलीस गं?"

छबूनं सांगितलं. कडूबाईनं घागर खाली ठेवली.

"नाव कुठं सांगत्यात? कानात ना?"

"हां."

"मग टीव्ही कशाला लागतोय त्याला? मुबाईल कानालाच लावत्यात की."

आणि गोठ्यात येऊन, मी काठीला चाळणी बांधत असताना, तिनं माझ्या पायजम्याच्या खिशातून मोबाईल काढून नेला. मी विचारलं, "कुणाला लावतीस?" ती म्हणाली, "तुमचं चालू द्या."

मुंजाजीनं तिकडं बाळाच्या कानाला फोन लावला. छबूनं इकडून "कुर्रर्र" केलं आणि नाव सांगितलं. बाळानं असं भोकाड पसरलं की ओट्यावर सगळ्यांना ऐकू आलं. केशरबाईंनी पदर डोळ्यांना लावला. "आवाज माझ्यावर गेलाय," त्या म्हणाल्या. छबू हसत होती, नथीसकट, धुळीसकट.

मी चाळणी घेऊन बाहेर आलो तेव्हा बत्तासे वाटून झाले होते.

"आता पट्टी काढू?" मी विचारलं.

"पिंप सरल्यावर निघंल आपोआप," केशरबाई म्हणाल्या. "बिभीषण, एक ठराव लिहून घे. सुंदरभाऊंनी आमच्या घरी च्या प्यायला कवाबी यावं, पर कशाला हात लावू न्हाई. सूचक मी."

अनुमोदन कोण देतंय म्हणून मी मागं वळून बघितलं. कडूबाईचा हात आधीच वर होता.