घागरीतला दिवाण

वाचनालयातलं बालविभागाचं कपाट रविवारी हलवायचं, हे अध्यक्ष विष्णुपंतांनी शनिवारीच ठरवून टाकलं होतं. कार्यकारिणीची बैठक फक्त सह्यांपुरती होती. अंबरनाथच्या एका रंगाच्या कारखान्यातून मोठे अधिकारी म्हणून निवृत्त होताना त्यांनी 'औद्योगिक सुरक्षितता'चे अठरा खंड घरी आणले होते. सहा महिन्यांत घरच्यांनी ना खंडांना हात लावला, ना विष्णुपंतांचं काही ऐकलं. आता ते खंड वाचनालयात येणार होते.

ग्रंथपाल कुंदा उठून कपाटासमोर उभी राहिली. त्या कपाटातलं एकेक पुस्तक तिने दारोदार फिरून जमवलं होतं.

"साहेब, 'वेणूची घागर' वर्षात चौसष्ट वेळा बाहेर गेलंय," ती म्हणाली.

"जाणारच! जादूची घागर, वेणूवर जो ओरडेल त्याला गिळते म्हणे. पोरांना काय, चालतं. मोठ्या माणसाने हे वाचलं तर त्याला डॉक्टरकडे न्यावं."

"आणि मोठ्यांनीच वाचलं असेल तर?"

"पाच मोठी माणसं दाखवा. कपाट इथंच राहील."

नोंदवहीचा काही उपयोग नव्हता. सगळे जण पुस्तक मुलांच्या नावावर नेत. एकदा तर ते दोन महिन्यांच्या बाळाने नेलं होतं. मग कुंदाला सत्तावीस नंबरचं पान आठवलं. आपण हे पुस्तक वाचलंय हे लक्षात राहावं म्हणून इथले जुने वाचक त्या पानावर आपापली गुपचूप खूण करत. मुलं असलं काही करत नाहीत, त्यांना वाचलेलं आठवतं. कुंदाने पान उघडून टेबलावर ठेवलं. चांदणी, उलटा सात, कुंकवाचं बोट, अशा एकोणीस खुणा होत्या.

"संस्थेच्या मालमत्तेवर खुणा?" विष्णुपंत कडाडले. "नियम चौदा! सभासदत्व रद्द! कोणाच्या आहेत या?"

उलटा सात काढणारे चिटणीस हेमचंद्र पंख्याकडे बघू लागले. चांदणीवाल्या मालिनीबाई पर्समध्ये काहीतरी शोधू लागल्या. आपणच आपले साक्षीदार पळवून लावले, हे कुंदाच्या लक्षात आलं. तिला रडूच कोसळायचं बाकी होतं.

तेवढ्यात गोदूबाई उठल्या. वाचनालयाची जागा त्यांच्याच घराण्याने दिलेली, त्यामुळे त्या कोणाला भीत नसत.

"कुकवाचा बोट माझा हाय. काढा माझा नाव. तलाठ्याला घागरीन टाकला ना, मना लय बरा वाटला."

"पुस्तकात तलाठी नाहीये, गोदूबाई," कुंदा हळूच म्हणाली.

"मी टाकला."

हेमचंद्रांनाही धीर आला. "आमच्या ऑफिसातला साहेब फायली फेकतो हो अंगावर. रोज पावणेसहाला मी त्याला घागरीत टाकतो आणि घरी जातो. मग मुलांवर ओरडावंसं वाटत नाही."

"सासूबाई दोनदा गेल्यात आत," मालिनीबाई पर्समध्येच बोलल्या.

आणखी दोघांनी हात वर केले. पाच झाले. विष्णुपंतांनी खुणांचं पान मिटलं.

"सगळे लेकाचे त्या वेणूच्या बाजूचे," ते एकदम म्हणाले. "आणि तो दिवाण? शेवटच्या पानावर आत पडला. जन्मभर हुकूम सोडलेला माणूस, आता हाक मारली तर ओ द्यायला कोणी नाही. त्याची केली कोणी चौकशी?"

सगळ्यांच्या माना विष्णुपंतांकडे वळल्या.

"साहेब," कुंदा म्हणाली, "दुसरा भाग परवाच आलाय."

विष्णुपंतांनी ठरावावर आडवी रेघ मारली आणि हात पुढे केला.

कपाट हललं नाही. पुस्तक पंधरा दिवसांच्या बोलीवर गेलं, त्याला आता दीड महिना होतोय. रांगेत तेवीस नावं आहेत. कुंदा मागायला गेली की विष्णुपंत दार अर्धंच उघडतात.

"थांबा जरा," ते कुजबुजतात, "अजून त्याला बाहेर काढलेलं नाही."