तुमची वस्तू राहिली होती

इरा, गेल्या डिसेंबरात तू तुंगारेश्वरला टाकलेली चॉकलेटची चांदी माझ्याकडे आहे. तुमचं विमान उडालं त्याच्या दुसऱ्याच दुपारी ती आपल्या घरी आली. धुतलेली, वाळवलेली आणि इस्त्री केलेली. मी दार उघडलं तर समोर हरेश्वर चुरी उभे. पांढरा शर्ट, नीट विंचरलेले केस, हातात पाकीट.

"तुमची वस्तू राहिली होती," ते म्हणाले. "ओढ्यापलीकडे मोठा दगड आहे ना, त्याच्या फटीत."

"माझी नाही हो. नातीची असेल. ती कालच गेली."

"मग पत्ता द्या. पोस्टानं पाठवतो."

ते थट्टा करत नव्हते. चुरींना थट्टा जमत नाही. मी पाकीट काढून घेतलं म्हणून तुमच्या तिकडच्या पोस्टमनची सुटका झाली.

हे गृहस्थ तुम्हाला आठवत असतील. सगळ्यांच्या मागून चालणारे, पाठीला गोणपाटाची पिशवी, हातात स्वयंपाकघरातला चिमटा. अन्वय, तू मला विचारलं होतंस, "आजी, हे भंगारवाले आपल्याबरोबर का येतायत?" तर ते आमच्या गिरिभ्रमण मंडळाचे सर्वांत जुने सभासद आहेत. मंडळ निघालं तेव्हा ते होते, आणि मंडळ बंद पडेल तेव्हा शेवटची खुर्ची तेच घडी करून ठेवतील.

मंडळाबद्दलही थोडं सांगते, कारण मी त्याची चिटणीस आहे आणि सत्य लिहायला मला कुणाची परवानगी लागत नाही. आमच्याकडे निसर्गावर प्रेम करणारी माणसं पुष्कळ आहेत. ती बूट घेतात, टोप्या घेतात, गुडघ्याचे पट्टे घेतात आणि पायथ्याशी फोटो काढतात. माथ्यावर पोचेपर्यंत अर्ध्यांची बोलती बंद झालेली असते, आणि उरलेली अर्धी चिवड्याच्या पुड्या फोडत असतात. खाऊन झालं की निसर्गाचं कौतुक सुरू होतं आणि पुड्या दगडाखाली जातात. डोंगर मोठा आहे, सामावून घेईल, असा सगळ्यांचा भाव.

चुरींचं म्हणणं वेगळं. "डोंगराला खिसे नसतात," ते म्हणतात. "तुम्हाला आहेत."

हे वाक्य ते चढावर म्हणतात, उतारावर म्हणतात, आणि कुणी "काय म्हणता चुरी?" असं सहज विचारलं तरी हेच म्हणतात.

त्यांची सगळी नोकरी वालीवच्या एका कारखान्यात गेली. तिथे वेफर आणि फरसाणाच्या पुड्या छापत. म्हणजे या माणसानं उभं आयुष्य पुड्या जगात धाडल्या आणि निवृत्तीनंतर त्या एकेक करून परत गोळा करायला घेतल्या. पण त्या नोकरीमुळे त्यांना एक विद्या आली. पुडी कुणी फाडली हे ते नुसती कड बघून सांगतात. कोण मधोमध फाडतो, कोण कोपरा कुरतडतो, कोण दातांनी ओढतो, सगळं पाठ. त्यामुळे "ही माझी नव्हेच" म्हणायची सोय राहिली नाही.

गोळा केलेल्या पुड्या गिरीजला त्यांच्या वाडीत जायच्या. तिथे त्या साबणानं धुतल्या जात आणि दोन माडांमध्ये बांधलेल्या दोरीवर चिमटे लावून वाळत. लाल, पिवळ्या, निळ्या, वाऱ्यावर फडफडणाऱ्या. शेजारणीनं एकदा कुंपणावरून विचारलं, "चुरीभावजी, सण कसला काढला मध्येच?" मग वर्तमानपत्राच्या दोन पानांमध्ये घालून मंद इस्त्री, मग पाकीट, मग सायकल.

आणि मग भेट. खरी शिक्षा तीच होती. पाकीट हातात देऊन माणूस निघून गेला असता तर कुणाची काही तक्रार नव्हती. आपण ओशाळतो, "अहो, चुकून पडली असेल" म्हणतो, ते "चुकून दगडाखाली?" म्हणतात, आपण तावातावानं खुलासा करू लागतो, आणि दारात उभं राहून भांडणं बरं दिसत नाही म्हणून म्हणतो, "आत या, बसा." ते लगेच बसतात. सोफ्याच्या अगदी कडेला, पण घट्ट.

"चहा अर्धाच. साखर नको."

असे तीन अर्धे चहा होतात. मग मुलं काय शिकतात, सासूबाईंचं पाऊल सुजलं होतं ते उतरलं का, नळाला पाणी किती वाजता येतं. मग गॅलरीत जाऊन झाडांची तपासणी. माझ्या कढीपत्त्याकडे बघून त्यांनी विचारलं होतं, "याला जेवायला घालता, का नुसती आंघोळ?" वस्तू कागदाच्या कपट्याएवढी आणि मुक्काम संध्याकाळपर्यंत.

त्यावर आमच्या सुशिक्षित सभासदांनी बंदोबस्त केला. व्हॉट्सॲपवर चुरींना वगळून एक गट निघाला. सोमवारी दुपारी त्यावर बातम्या येत. "सायकल गिरीजहून निघाली." "आत्ता चर्चच्या वळणावर." "आमच्या गल्लीत नाही वळले, देवाची कृपा." की पटापट पंखे बंद, टीव्ही बंद, दारातल्या चपला आत. डोंगरावर पुडी खिशात घालायला ज्यांना वेळ नव्हता, ते स्वतःच्या घरात श्वास रोखून बसायला वेळ काढत.

एके दिवशी मात्र देशमुखांना बातमी वेळेवर मिळाली नाही. देशमुख म्हणजे आमचे अध्यक्ष. त्या दिवशी त्यांच्या चिन्मयला बघायला ठाण्याहून माणसं आली होती. मुलगी, तिचे आईवडील, मामा. चिन्मय आपल्याला निसर्गाची किती आवड आहे ते सांगत होता. तेवढ्यात बेल वाजली, आणि पाहुण्यांपैकीच कुणी राहिलं असेल असं समजून मामांनी दार उघडलं.

पुढचं मला देशमुखबाईंनी सांगितलं. चुरींनी आत येऊन सगळ्यांना नमस्कार केला आणि पाकीट चिन्मयच्या हातात दिलं. "तुमची वस्तू. टोमॅटोवाले वेफर." मुलीच्या वडिलांनी विचारलं, हा काय प्रकार आहे. चुरींना वाटलं आपलं मत विचारलंय.

"मुलगा चांगला आहे," ते म्हणाले. "पुडी दातांनी फाडतो आणि दगडाखाली दडवतो. पण दडवतो म्हणजे लाज आहे. लाज आहे म्हणजे सुधारेल. उघड्यावर टाकणारे सुधारत नाहीत." आणि मग देशमुखांकडे वळून, "तुमची पुडी उघड्यावर होती. ती अजून वाळतेय."

मुलगी इतकी हसली म्हणे की तिला पाणी द्यावं लागलं. लग्न ठरलं, कार्तिकात आहे. पण देशमुखांनी पुढच्याच आठवड्यात कार्यकारिणीची सभा बोलावली. विषय एकच, चुरींचं सभासदत्व रद्द करणे.

"हा माणूस मंडळाची अब्रू घरोघर वाटत फिरतो," देशमुख म्हणाले.

चुरी कोपऱ्यात बसले होते. ते म्हणाले, "अब्रू नव्हे. पुड्या."

मी मधला मार्ग काढला. मला असे मार्ग सुचतात. मी ठराव लिहिला, की सहलीत जमा झालेला कचरा महापालिकेच्या पेटीत टाकावा आणि तो घेऊन कुणाही सभासदाच्या घरी जाऊ नये. शब्द मोजके, अर्थ स्वच्छ, सगळ्यांच्या सह्या. चुरींनी ठराव दोनदा वाचला.

"कचरा घेऊन घरी जायचं नाही. बरं," ते म्हणाले. मग मला विचारलं, "आणि एरवी?"

"एरवी काय?"

"काही नाही."

नियम त्यांनी तंतोतंत पाळला. पुढच्या सहलीला आले, पिशवी भरली, उतरल्यावर पेटीत रिकामी केली आणि सायकलवर बसून गेले. सोमवारच्या बातम्या थांबल्या. कुणाच्याही घरचा पंखा बंद झाला नाही. त्याच्या पुढच्या सहलीला ते आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. मार्च संपत आला, सगळ्यांची वर्गणी जमा झाली, त्यांची आली नाही. देशमुख म्हणाले, "आपोआप जातंय तर जाऊ द्या की."

मला आपोआप होणारी कामं आवडत नाहीत. सभासद जायचा तर त्यानं तसं सांगून जावं. म्हणून रिक्षा करून मी गिरीजला गेले.

वाडीत केळी उभ्या होत्या, पाटाला पाणी सोडलेलं होतं. माडांमधली दोरी मोकळी होती, तिच्यावर नुसते चिमटे रांगेनं बसले होते. चुरी ओट्यावर होते. मला बघून गडबडीनं उठले, खुर्ची आणली, पुसली, पुन्हा पुसली. मग म्हणाले, "माझं काय राहिलं होतं?"

माझ्या आधी लक्षात आलं नाही. मग आलं. कुणी आपल्या घरी आलं म्हणजे काहीतरी परत द्यायलाच आलं असणार, अशी त्यांची समजूत होती.

"सभासदत्व राहिलंय," मी म्हटलं.

ते चहा करायला आत गेले. ओट्यावर बसून मला त्यांचं घर ऐकू येत होतं, म्हणजे काहीच ऐकू येत नव्हतं. बायको जाऊन काही वर्षं झाली. मुलगी सुरतेला. त्यांच्या घरातली बोली वेगळी, आमच्याशी बोलताना ते शाळेतलं मराठी काढतात, त्यांच्या पुड्यांसारखं इस्त्री केलेलं. ती घरची बोली बोलायला आता त्या घरात दुसरं माणूस नाही.

चहा आला. मी सरळच विचारलं. "चुरी, तुम्हाला लोकांकडे जायचंच होतं तर वाडीत एवढी केळी आहेत. केळी घेऊन जायचं. कचरा कशाला?"

"नेली होती ना," ते म्हणाले. "ही गेली त्या वर्षी. रिकाम्या हातानं कसं जायचं कुणाकडे? घड नेले, फण्या नेल्या. लोक चांगले. दारातच घेतात, थँक्यू म्हणतात, दार लावतात." त्यांनी कप खाली ठेवला. "पुडी नेली की आधी भांडतात. मग आत घेतात."

मी चहा संपवला. निघताना एवढंच म्हटलं, "रविवारी तुंगारेश्वर आहे. मागे चालायला कुणी नाही. रांग लांबते." ते "बघतो" म्हणाले.

रविवारी ते आले. पिशवी, चिमटा, सगळं. देशमुखांनी मान हलवली, चुरींनी हलवली. ओढ्यापलीकडच्या त्याच दगडापाशी मी पोहे खाल्ले, माझा स्टीलचा डबा दगडावर ठेवला आणि पुढे चालायला लागले. झाकणावर माझं नाव कोरलेलं आहे. डबा चांगला आहे, त्यामुळे घरी पोचेपर्यंत माझा जीव त्याच्यातच होता.

सोमवारी दुपारी मी पंखा लावून, दार सताड उघडून बसले. चार वाजता सायकलची घंटी वाजली. चुरी उंबऱ्याबाहेर थांबले. पांढरा शर्ट, हातात डबा, आरशासारखा घासलेला.

"घरी जायचं नाही असा नियम आहे," ते म्हणाले.

"नियम कचऱ्याचा आहे. मीच लिहिलाय. डबा कचरा नाही."

त्यांनी डबा उलटासुलटा करून बघितला. "चिटणीसबाई, तुम्ही इतक्या वर्षांत डोंगरावर कधी काही विसरला नाहीत. रुमालसुद्धा."

"वय झालं हो. आता विसरायची मी अधूनमधून. आत या."

ते बसले. सोफ्याच्या कडेला, पण घट्ट. कुणाचा डबा रिकामा परत करायचा नसतो, म्हणून त्यात सुकेळी होती, घरची राजेळी केळी वाळवून, वाळक्या पानात गुंडाळलेली. दुसऱ्या अर्ध्या चहानंतर त्यांनी कढीपत्ता पाहिला. तो वाळला होता. त्याबद्दल मला बरंच ऐकून घ्यावं लागलं, आणि तिसरा अर्धा चहा झाला तरी ते ऐकवतच होते.

इरा, तुझी चांदी कपाटात ठेवली आहे, वरच्या कप्प्यात. मी ती पोस्टानं पाठवणार नाही.