शेजाऱ्याची तक्रार असल्यास आत यावे

आजारी पडणे ही निसर्गाची व्यवस्था आहे, पण आजार सांगणे ही समाजाची व्यवस्था आहे. या दोन्हींत जिथे मेळ नसतो, तिथल्या प्रजेला सुसंस्कृत म्हणतात. या कसोटीवर नेब्रास्का राज्यातील हॅडमिल हे गाव सुसंस्कृतपणाच्या शिखरावर आहे. तिथे कोणालाही, कधीही, "कसं काय?" असं विचारा. उत्तर येतं, "तक्रार नाही." तिथल्या वेंडल नावाच्या शेतकऱ्याची दोन बोटं धान्य चढवायच्या यंत्रात गेली, तेव्हा तो हाताला टोपी गुंडाळून बायकोला म्हणाला, "जरा लागलंय. तुझा कार्यक्रम संपला की निघू." (कार्यक्रम पाककलेचा होता. तो संपल्यावर निघाले.)

अशा गावाला दवाखाना कशाला, असा प्रश्न पडू शकतो. पण दवाखाना होता. त्यात डॉक्टर तेवढा नव्हता. जुने डॉक्टर निवृत्त होऊन मुलीकडे ॲरिझोनाला गेले आणि जाताना वजनकाटाही घेऊन गेले. नवा डॉक्टर मिळेना, म्हणून गावाने नर्स प्रॅक्टिशनर शोधायचं ठरवलं. ही बाई डॉक्टर नसते, पण तपासते, औषध लिहून देते, आणि तान्ह्या बाळापासून पणजोबांपर्यंत अख्खं कुटुंब एकटी सांभाळते. डॉक्टरपेक्षा ती एकाच बाबतीत वेगळी असते, ती म्हणजे रोग्याचं बोलणं संपेपर्यंत थांबते. हॅडमिलमध्ये यासाठी तिला फार थांबावं लागणार नाही, ही जमेची बाजू होती.

शोधसमितीच्या अध्यक्षपदी लेलंड झाबका यांची एकमताने निवड झाली, कारण त्या बैठकीला ते गैरहजर होते. लेलंड गावाच्या धान्यकोठाराचे माजी व्यवस्थापक. उंच, अबोल आणि भरवशाचा माणूस. (कोठाराचा जिना चढताना हल्ली त्यांच्या छातीवर कोणीतरी गव्हाचं पोतं आणून ठेवत असे. या हकिगतीशी त्याचा संबंध नाही.)

समितीने रीतसर काम केलं. पहिली उमेदवार फेब्रुवारीत आली. तिने वारा पाहिला आणि गाडी बंद न करताच मुलाखत दिली. दुसरीने विचारलं, "इथे संध्याकाळी लोक काय करतात?" समितीने आपसांत विचार करून सांगितलं, "संध्याकाळ होऊ देतात." ती पुन्हा दिसली नाही. तिसरी कोरीन टेटम. चर्चच्या तळघरात गावजेवण होतं. तिने राजमा-खिम्याची चिली आणि त्यासोबत दालचिनीचा गोड रोल असं दोन्ही एकाच ताटात न कुरकुरता खाल्लं. याहून मोठी पात्रता हॅडमिलला ठाऊक नव्हती. तिला नोकरी मिळाली, राहायला घर मिळालं आणि लेलंडनी समितीच्या वतीने शब्द दिला, "बाई, गाव तुम्हाला कसलाही त्रास देणार नाही."

गावाने शब्द पाळला. दवाखान्यात कोणी फिरकलंच नाही.

याचा अर्थ तिची कदर नव्हती असा नाही. उलट दाराशी इतके केक जमले की पाहणाऱ्याला आत कोणी वारलंय असं वाटावं. पण "बाई एकटी आहे, कामात असेल, कशाला उगीच?" हा विचार प्रत्येकाने स्वतंत्रपणे केला आणि बाई दिवसभर एकटीच, बिनकामाची बसून राहिली. तिने गावाच्या आरोग्याची पाहणी केली. शंभरातल्या नव्याण्णवांनी "तक्रार नाही" असं सांगितलं. शंभरावा माणूस पाहुणा होता.

मग दवाखाना चालवणाऱ्या मुख्य कचेरीचं पत्र आलं. गाव इतकं निरोगी असल्याबद्दल कचेरीने अभिनंदन केलं होतं आणि त्याच कारणास्तव वर्षअखेर दवाखाना बंद करण्याचं योजलं होतं.

लेलंड हादरले. पुन्हा समिती, पुन्हा फेब्रुवारी, पुन्हा वारा! ते घरोघर गेले. "वेंडल, अरे एकदा जाऊन ये ना तिच्याकडे."

"मला काय झालंय?" वेंडल खोकत म्हणाला. त्याचं खोकणं पलीकडच्या शेतातली गुरं मान वर करतील असं होतं. "तूच का जात नाहीस?"

"मला कुठे काय होतंय?" लेलंड म्हणाले आणि वेंडलच्या ओसरीच्या तीन पायऱ्या उतरून खांबाला धरून ढग बघत उभे राहिले. (ढग नव्हते.)

कोरीनबाईंना मात्र एव्हाना एक गोष्ट दिसू लागली होती. किराणा दुकानात भेटणारा प्रत्येक जण स्वतःबद्दल मुका होता, पण दुसऱ्याबद्दल त्याला कंठ फुटत असे. "मी मजेत. पण बाई, आमच्या पास्टरांचा घोटा पाहिलात? भोपळा झालाय नुसता!" पास्टरसाहेब पुढच्याच रांगेत भेटत. "माझं काय, देवाची कृपा. पण कॅफेवाल्या डॉटीला ऐकू येत नाही हो. मी चहा मागितला, तिने मला सूप दिलं. मी प्यालो." ही माहिती अचूक, तपशीलवार आणि फुकट होती. स्वतःचं दुखणं सांगणं म्हणजे तक्रार, आणि शेजाऱ्याचं सांगणं म्हणजे शेजारधर्म, असा हॅडमिलचा शास्त्रार्थ होता.

बाईंनी दवाखान्याच्या दारावर पाटी लावली: 'स्वतःची तक्रार घेऊन येऊ नये. शेजाऱ्याची असल्यास आत यावे.'

दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यासमोर गाड्या लावायला जागा उरली नाही.

यात बेकायदा काही नव्हतं. एकाचा आजार दुसऱ्याला सांगायला कायद्याने नर्सला बंदी आहे, ऐकायला नाही. बाई ऐकत, आणि मग ज्याच्याबद्दल ऐकलं त्याला फोन करून म्हणत, "मंगळवारी याल का? वाट बघते." ही चाल बिनतोड होती. हॅडमिलचा माणूस तुटका पाय घेऊन नांगरणी करील, पण आमंत्रण मोडण्याचा उद्धटपणा त्याच्याने होणार नाही. पास्टर आले. डॉटी आली (दोनदा फोन करावा लागला, पहिल्यांदा तिला ऐकू आलं नाही). येताना प्रत्येक जण केक घेऊन आला आणि जाताना आणखी दोघांची नावं सांगून गेला. सर्वेक्षणात निरोगी ठरलेल्या गावात महिन्याभरात अकरा रक्तदाब, चार मधुमेह आणि एक जुनी गोळी सापडली. (ही शिकारीतली. मांडीत होती. मालकाची तक्रार नव्हती.)

लेलंडचा आनंद पोटात मावेना. (छातीत त्याहून कमी मावत होता.) आपणही हातभार लावावा म्हणून एका सकाळी ते निघाले. वेंडलचा खोकला आता सांगायलाच हवा. बायकोला, मार्विसला, काही बोलले नाहीत. ती गोधड्या शिवायच्या मंडळात गेली होती.

दवाखान्याचा बाहेरचा जिना पाच पायऱ्यांचा होता. ते दार उघडून आत आले, तेव्हा त्यांच्या कपाळावर घाम होता. आत बाकावर मार्विस बसली होती. तिच्या शेजारी वेंडल, पलीकडे पास्टर, कोपऱ्यात डॉटी. चौघांनी लेलंडकडे पाहिलं, आणि मग चौघांनी छताकडे पाहिलं.

"मार्विस? तू गोधड्यांना गेली होतीस ना?"

"लवकर संपलं," मार्विस म्हणाली.

"वेंडल?"

"मी सहज. तू?"

"मीही सहजच."

आतलं दार उघडलं. कोरीनबाई म्हणाल्या, "या, कोण पुढे?"

कोणी उठेना. "पास्टर, तुम्ही जा." "छे छे, आधी डॉटी." "काय म्हणालात?" "वेंडल, तू जा ना." "मार्विस आधी आलीय." हा आदरसत्कार हॅडमिलमध्ये जेवणं निवेपर्यंत चालतो. तो चालू असताना लेलंडनी भिंत धरली. पोतं आलं होतं. या वेळी ठेवणाऱ्याने एकावर एक दोन ठेवली होती.

"मी जरा बसतो," ते म्हणाले.

हॅडमिलमध्ये 'जरा' हा शब्द किती मोठा आहे, हे बाईंना आता कळत होतं. त्या झटकन पुढे आल्या. "लेलंड, काय होतंय?"

"तक्रार नाही, बाई."

बाईंनी त्यांचा नाद सोडला आणि बाकाकडे वळून विचारलं, "तुमची?"

धरण फुटावं तसं झालं.

"जिन्यावर थांबतो आणि ढग बघतो!" वेंडल म्हणाला. "आभाळात काही नसलं तरी!"

"इस्टरपासून खुर्चीत बसून झोपतोय," मार्विस म्हणाली. "आडवं पडवत नाही त्याला. विचारलं तर म्हणतो, खुर्चीची सवय लावतोय."

"प्रार्थनेत डावा खांदा चोळत असतो," पास्टर म्हणाले.

"आणि दोष माझ्या चिलीला देतो," डॉटी म्हणाली. "तिला मी तिखटच घालत नाही!"

"तुम्ही सगळे," लेलंड क्षीणपणे म्हणाले, "माझ्यासाठी आलात?"

"मग काय, वेंडलच्या खोकल्यासाठी?" मार्विस म्हणाली. आता लेलंडनी छताकडे पाहिलं.

पुढचं सारं भराभर झालं. बाईंनी त्यांना टेबलावर घेतलं, हृदयाचा आलेख काढला, तो पाहून जिभेखाली गोळी ठेवली आणि हेलिकॉप्टर बोलावलं. ते मक्याच्या शेतात उतरलं. लेलंडनी आधी वैमानिकाची माफी मागितली, आणि मग ज्याचा मका मोडला त्याची. मार्विस त्यांचा हात धरून होती. "मेलास ना, तर बघ," ती म्हणाली. "तुझ्याबद्दल सांगेन बाईंना."

शहरात हृदयाच्या रक्तवाहिन्यांत दोन जाळ्या (स्टेंट) बसवल्या. तिथले डॉक्टर म्हणाले, आणखी एक दिवस गेला असता तर उपयोग नव्हता. आठवड्याने लेलंड परतले. कसं होतं, असं गावाने विचारलं, तेव्हा त्यांनी नीट विचार करून सांगितलं, "याहून वाईट असू शकलं असतं." मुख्य कचेरीने दवाखाना चालू ठेवला. वेंडलला मंगळवारचं आमंत्रण गेलं. कोणी सांगितलं हे त्याला अजून कळलेलं नाही आणि कायद्याने कळणारही नाही.

हे वाचताना तुमच्या मनात एक नाव आलं असेल. भाऊ असेल, सासरे असतील, किंवा शेजारच्या खुर्चीत वर्तमानपत्राआड खोकणारे ते गृहस्थ. "हे त्यांना वाचायला द्यायलाच हवं," असं तुम्ही मनाशी म्हणालात. जरूर द्या. शेजारधर्मच आहे तो.

फक्त एवढं ध्यानात असू द्या, की हे तुमच्या हातात आपोआप आलेलं नाही. कोणीतरी वाचून, तुमचं नाव घेऊन, पुढे सरकवलं आहे.