साइट चालू ठेवणारा डिलेश

गोंदियाजवळच्या आमच्या गोरेगावात लाइट आपली आपण जाते, त्यासाठी कोणाला कष्ट घ्यावे लागत नाहीत. तरीही शेजारचा डिलेश्वर पटले दर रविवारी सकाळी अकराला स्वतःच्या हाताने घराचा मेन स्विच पाडायचा. मग अंगणात उभा राहून घड्याळ बघायचा. आत इन्व्हर्टर सुरू झाला की तोही बंद करायचा आणि दुसरा सुरू होतो का ते बघायचा.

एका रविवारी अर्धी गल्ली त्याच्याकडे क्रिकेट बघत बसली होती. सामना ऐन रंगात, आणि टीव्ही गप.

"काऊन बे, पागल झाला का?" कोणीतरी ओरडलं.

"अकरा वाजले," डिलेश शांतपणे म्हणाला. "पाडून पाहा लागते. नाईतं खरंच पडन त्या दिवशी कोणाच्या नावानं रडान?"

डिलेश पुण्याच्या एका कंपनीची नोकरी घरी बसून करत असे. आईच्या आजारपणात तो गावी आला, आई गेली, हा राहिला. कोणी विचारलं तर सांगायचा, "एक साइट चालू ठेवतो." आमच्याकडे साइट म्हणजे बांधकाम. त्यामुळे वर्षभर लोक त्याच्याकडे सिमेंटचा भाव विचारायला येत. खरं काम असं होतं: मोबाइलमध्ये कॅमेरे नव्हते तेव्हा लोक घरचे फोटो इंटरनेटवर एका साइटवर ठेवत. ती साइट कुठंतरी दूर भाड्याच्या मशीनींवर, म्हणजे क्लाऊडवर, चालायची. एक मशीन पडली की दुसरी आपोआप उभी राहील, अशी सोय डिलेशने करून ठेवली होती. तरीही काही बिघडलं की त्याचा फोन किंचाळायचा, आणि हा धानाच्या बांध्यांकडे पाठ करून लॅपटॉप उघडायचा. बहिणीच्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना फोन किंचाळला. डिलेशने डाव्या हाताने अक्षता टाकल्या, उजव्या हाताने साइट उभी केली. बहीण दोन वर्षं बोलली नाही.

प्रत्येक गोष्ट घरात दोन. दोन इन्व्हर्टर, दोन नेट, दोन मोटरसायकली. माझी बायको सुनीता म्हणाली, "भाऊजी, बायको तरी एक करा."

"एकच असून भागत नाई, वहिनी," तो गंभीरपणे म्हणाला. "माहेरी गेली तं?"

मी इथल्या हायस्कुलात गणित शिकवतो. एकदा आमची सहल कचारगडला गेली आणि साठ मुलांचे जेवणाचे डबे शाळेच्या व्हरांड्यातच राहिले. हेडमास्तर आठवडाभर गुन्हेगार शोधत होते. डिलेश वही घेऊन माझ्याकडे आला. काय झालं, किती वाजता झालं, परत होऊ नये म्हणून काय करावं, एवढंच विचारलं. अर्धं पान लिहून दिलं. त्यात कोणाचंच नाव नव्हतं. "डबे उचलायचे काम सर्वांचे होते, म्हणजे कोणाचेच नव्हते." हेडमास्तरांनी ते वाचलं आणि मला मेमो दिला.

डिलेशच्या कंपनीतले बाकीचे लोक एकेक करून दुसऱ्या कामांवर गेले. जुन्या साइटवर हा एकटाच उरला. आणि एका सोमवारी पत्र आलं: महिनाअखेर साइट बंद. बंद करायचं काम डिलेशनेच करावं.

तो माझ्याकडे आला आणि खुर्चीत बसला.

"सर, साइटवर येणाऱ्याइचा आकडा रोज वाढत होता. हजारो लोक येऊन राहिले असं वाटे. आज नीट पाहिलं. साइट चालू आहे का नाई, हे पाहाले माझाच प्रोग्राम दर मिनिटाले जाते. तो मीच होतो, सर."

"म्हणजे कोणीच येत नाही?"

"एक जण येते. दुपारी. एकच फोटो उघडते, पंधरा-वीस मिनिटं पाहते, जाते."

"कोणाचा फोटो आहे?"

"मी नाई पाहत. लोकाईचं घर आहे ते."

त्या माणसाने साइटवर नोंदवलेल्या जुन्या पत्त्यावर पाठवलेलं मेल परत आलं. डिलेशने साइटवर मोठ्या अक्षरात सूचना लावली, साइट बंद होतेय, फोटो उतरवून घ्या म्हणून, इंग्रजीत, हिंदीत, मराठीत. तो माणूस येत राहिला, फोटो बघत राहिला, पण त्याने तो उतरवून काही घेतला नाही. "वाचता येत नसन का?" डिलेश मला विचारायचा.

शेवटी मुदत मागायला त्याने पुण्याच्या साहेबांना फोन लावला. फोन स्पीकरवर होता, मी समोरच होतो.

"एका माणसासाठी, डिलेश? आणि तो माणूसच कशावरून? एखादा प्रोग्राम असेल."

"प्रोग्राम ठरल्या मिनिटाले येते, साहेब. हा कधी साडेबाराले येते, कधी पावणेएकले. एक दिवस अडीचले आला. पंधरा दिवस द्या. काहीतरी करून त्याच्यापर्यंत पोचतो."

"नवी टीम पहिल्या तारखेला सुरू होतेय. तू नसलास तर ती जागा दुसऱ्याला जाईल. पंधरा दिवसांनी माझ्याकडे तुझ्यासाठी काही नसेल."

"चालन," डिलेश म्हणाला.

मी कपाळावर हात मारून घेतला. चाळिशीला आलेला माणूस, गोरेगावात असली नोकरी पुन्हा कुठून मिळणार?

वाढवून मिळालेल्या मुदतीचे पहिले दोन दिवस तो माणूस आला. तिसऱ्या दिवशी आला नाही.

डिलेशला वाटलं, साइटच पडली. त्याने सगळं तपासलं. माझ्या फोनवर उघडून पाहिलं. मोटरसायकल काढून गोंदियाला गेला, तिथल्या सायबर कॅफेत उघडून पाहिलं. सगळीकडे लख्ख चालू होतं. चौथ्या दिवशी नाही, आठव्या दिवशी नाही. इतकी बिनचूक ती साइट कधीच चालली नव्हती.

पंधराव्या दिवशी मी शाळेतून अर्धी रजा घेऊन त्याच्याकडे गेलो. बारा वाजले, एक वाजला. अडीच झाले. "थोडं थांबू, सर," तो म्हणाला. चार वाजता त्याने एक ओळ टाइप केली आणि बटण दाबलं. आवाज झाला नाही, काही झालं नाही. पडद्यावर पांढरं पान उरलं.

"सर, तो बरा असन ना?"

"बरा असेल," मी म्हणालो. वर्गात उत्तर येत नसलं की मुलं बोलतात तसा माझा आवाज निघाला.

त्याला हाताला धरून मी घरी आणलं. सुनीताने न विचारता भात वाढला, वर वरण घातलं. तो ताटाकडे बघत बसला. माणूस किती वाळला होता, ते मला तेव्हा दिसलं.

"दुपारचं जेवत नाहीस का रे?"

"हे तेरा दिवस नाई जेवलो." त्याने भात कालवला, घास मात्र उचलला नाही. "तो येत होता ना सर, तवाच मी ताट घेऊन लॅपटॉपसमोर बसत होतो. महिनाभर दुपारी एकटा नाई जेवलो."